ये गं राणी
लिफ्टमध्ये भिजलेल्या कुत्र्याचा वास आला, की मला पुलाउ उबीन बेटावरच्या सहलीची ती दुपार आठवते. बाबा सर्कशीत अस्वलं शिकवायचे. डोंगरात पिल्लांना कुशीत घेऊन झोपले, जनावरावर कधी हात उगारला नाही, अशी त्यांची ख्याती होती. त्या दुपारी चिखलाने माखलेली एक रानडुकरीण आमच्या जेवणाच्या डब्यांपाशी आली. बाबा उकिडवे बसले आणि हळूच म्हणाले, "ये गं राणी, ये." ती निमूट उभी राहिली. तसा आवाज मी घरात कधीच ऐकला नव्हता. माझी लेक हरखली, इथल्या शाळेतल्या बोलीत म्हणाली, "आजोबा सो जेंटल, लाह! आईला पण असंच शिकवलं?" "छे!" बाबा हसले, "जनावराला माया पुरते. पोरांना पट्टाच लागतो." लेकीला तो विनोद वाटला. आता बाबा नाहीत, त्यांची ख्याती तिच्या तोंडी आहे. लिफ्टमधला कुत्रा प्रेमाने माझा हात चाटतो, आणि माझी पाठ आखडते.