मिस्त्रींच्या खुब्यातला चुरा

मिस्त्रींना शांत बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. खुर्च्या बनवणं हा त्यांचा धंदा, पण खुर्चीत टेकणं काही जमत नसे. टेकत ते एकदाच, खुर्ची तयार झाली की. तेव्हा धपकन बसायचे, मागे रेलायचे, आडवा हिसका द्यायचे आणि करकरली नाही तरच ती गिऱ्हाइकाला मिळायची. अशा माणसाच्या खुब्यानेच दगा द्यावा, हा निव्वळ चावटपणा होता.

फार वर्षांपूर्वी बसवलेला कृत्रिम सांधा सैल झाला होता. डॉक्टरबाईंनी एक्स-रे उजेडावर लावला. "सांध्याच्या वाटीमागचं हाड झिजून खड्डा पडलाय. नुसती नवी वाटी बसवली तर ती धरणार कशाला? आधी खड्डा भरायला हवा."

"कशानं?"

"हाडाच्या चुऱ्यानं. लोकांचं पहिलं ऑपरेशन करताना मांडीच्या हाडाचा वरचा गोळा काढावा लागतो. काही जण तो दान करतात. हाडांच्या पेढीत तो तपासून गोठवून ठेवतात. त्याचेच तुकडे तुमच्या खड्ड्यात ठोकून बसवायचे."

मिस्त्रींचा पारा चढला. भोकात भुसा आणि सरस कोंबून वरून पॉलिश मारणारे कारागीर त्यांनी जन्मभर दुकानातून हाकलले होते. "म्हणजे भुसा भरणार? माझ्यात?"

"अहो, हळू," बायको म्हणाली. "दवाखाना आहे हा, दुकान नाही."

डॉक्टरबाईंना हसू आलं. "भुसा नाही हो. इतका बारीक केला तर टिकतच नाही. हरभऱ्याएवढे तुकडे लागतात. आणि भुसा शेवटपर्यंत भुसाच राहतो. हे तुकडे म्हणजे बांधकामाला बांधतात ती परांची समजा. तिच्या आधारानं तुमचं हाड आत वाढेल आणि हळूहळू परांचीची जागा घेईल." मग त्या गंभीर झाल्या. "पण नाही धरलं, तर पुन्हा भरायला भोवती हाडच उरणार नाही. मग कायमची चाकाची खुर्ची."

शेवटचं वाक्य बायकोने ऐकलं. मिस्त्रींच्या डोक्यात मात्र परांची शिरली होती. घरी पोचेपर्यंत ते रस्त्यात भेटेल त्याला थांबवून सांगत सुटले, "माझ्या पोटात हाड वाढणार!" पोटात नाही, खुब्यात, असं बायको दर वेळी सुधारत होती.

ऑपरेशनला कमरेखालचा भाग बधिर केला. झोपेचं औषध मिस्त्रींनी नाकारलं. फुकटचा तमाशा कोण सोडतो! पडद्यापलीकडे हातोडा सुरू झाला. आधी भद भद, ओल्या मातीवर पडल्यासारखा. मग थोडा चुरा, पुन्हा ठोक, पुन्हा चुरा. आवाज घट्ट होत गेला तसे मिस्त्रींनी कान टवकारले.

"बसलं!" ते ओरडले.

"नाही बसलं. गप्प राहा, मला आवाज ऐकू द्या," पडद्याआडून उत्तर आलं. हातोडा चालूच राहिला. मिस्त्री आणखी दोनदा ओरडले आणि दोन्ही वेळा तोंडावर आपटले. हाड म्हणजे लाकूड नव्हे, हे त्यांना तिथे कळायला हवं होतं.

नाही कळलं. घरी आल्यावर काही महिने पाय नुसता टेकवायचा, सगळा भार कुबड्यांवर, अशी सक्त ताकीद होती. बायकोचा पहारा डोळ्यांत तेल घालून. पण पुढच्या तपासणीला थोडे दिवस राहिले असताना एका सकाळी मिस्त्री घरालगतच्या दुकानात एकटेच होते. दुखत काहीच नव्हतं. आनंद डोक्यात गेला. त्यांनी कुबड्या भिंतीला टेकवल्या, त्या पायावर सगळा भार टाकला आणि आडवा हिसका दिला.

कळ थेट मस्तकात गेली. धडपडण्याचा आवाज ऐकून बायको धावत आली. "काय झालं?"

"काही नाही. हातातली पटाशी पडली."

त्यानंतर मिस्त्री गप्प झाले. घरात इतकी शांतता की बायकोची झोप उडाली.

तपासणीच्या दिवशी नवा एक्स-रे दिव्यावर चढायच्या आतच ते बोलून मोकळे झाले. "बाई, मी हिसका देऊन बघितला. मोडलं असेल तर सरळ सांगा."

"आणि मला पटाशी पडली म्हणालात!" बायकोचा आवाज फाटला.

डॉक्टरबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की मिस्त्रींनी मान खाली घातली. मग बाईंनी जुना आणि नवा एक्स-रे शेजारी लावून बराच वेळ निरखले. चाकाची खुर्ची मिस्त्रींना आज पहिल्यांदा स्पष्ट दिसत होती.

"नशीबवान आहात. वाटी तसूभरही हललेली नाही. आणि हे बघा, हाड धरतंय!"

मिस्त्री चष्मा कपाळावर चढवून एक्स-रेला नाक लावून उभे राहिले. खड्ड्याच्या कडेवरून बोट फिरवलं. एकदा, दोनदा, पुन्हा उलट.

"जोड कुठाय?"

"इथे दिसणारच नाही. इथपर्यंत ते तुमचंच हाड झालंय."

"अगं ए, इकडे ये, बघ!" मिस्त्रींनी बायकोचा हात धरून ओढला. "जोडच नाही! शोधून दाखव!" बायको डोळे पुसत शोधू लागली. तिला तर एक्स-रेतलं काहीच कळत नव्हतं.

"बाई," मिस्त्री वळले, "ज्यानं हे दिलं ना, त्याला निरोप द्या. म्हणावं, एकदा काम बघायला ये."

"पेढीवाले देणाऱ्याचं नाव आम्हालाही सांगत नाहीत, मिस्त्री."

मिस्त्रींनी मान डोलावली, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि ते भर दवाखान्यात मोठ्यानं रडले.