आधी नीट बघा

शिकवायचं कसं हे मी कोळवणच्या एका भातशेतकरी मावशींकडून शिकले. त्यांना ते माहीतही नाही.

दर आवणीला, म्हणजे भाताची रोपं लावायच्या दिवसांत, मी विद्यापीठाची मुलं घेऊन त्यांच्या शेतावर जाते. रोपं लावून झाली की मावशी कुणाला पाय धुवायलाही सोडत नाहीत. सगळ्यांना बांधावर उभं करतात. "लगीच बोलायचं न्हाई. आदी नीट बगा."

मला हा वेळकाढूपणा वाटायचा. माझा छापील फॉर्म होता ना! 'आज काय शिकलात?' मुलं परतीच्या बसमध्ये एकमेकांचं बघून लिहायची, 'खूप शिकायला मिळालं.'

यंदाही मुलं बांधावर चुळबुळत होती. मावशींनी कोपऱ्याकडे बोट केलं. "त्यो तुकडा माझा. बोलत बोलत लावला. रोपं लई दाट झाल्यात, वाडायची न्हाईत." आणि जन्मभर आवणी केलेली ती बाई पुन्हा चिखलात उतरली, स्वतःचीच रोपं उपटून विरळ लावू लागली.

मागून एक मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, मी शेजारणीचं बघून लावत होते. तिची ओळ वाकडी गेली, म्हणून माझीही गेली." मग एकेक जण बोलायला लागला.

सोमवारी वर्गात मी फॉर्म मागितले नाहीत. म्हटलं, "आधी माझी चूक सांगते. इतकी वर्षं हे फॉर्म मी वाचलेच नाहीत. नुसत्या सह्या केल्या."

मग मावशींचंच वाक्य म्हटलं, "आता तुम्ही. पण लगेच बोलायचं नाही. आधी नीट बघा."