बांधाकडचा भुईमूग

आमच्या आबांचा, म्हणजे वडिलांचा, हात तोंडाच्या आधी चाले. त्या वर्षी त्यांना कारणही मिळालं. आष्ट्याजवळच्या आमच्या रानात भुईमूग सगळीकडे उगवला, फक्त धाकट्या चुलत्यांच्या बांधाकडचा पट्टा मोकळा राहिला.

"मीठ टाकलंस रं माज्या रानात!" आबा बांधावरून गरजले.

"आवं दादा, तुमची आन, म्या कशाला टाकू?" खुरपत बसलेले चुलते उठेपर्यंत कुदळीचा दांडा त्यांच्या उजव्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. बाप असला म्हणून काय झालं, त्या क्षणी मला आबांचा गळा दाबावासा वाटला.

मी तेव्हा सांगलीला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकत होते. पेरणीआधी आबांनी त्याच पट्ट्यात गाजरगवत उपटून गाडलं होतं, फुकटचं खत म्हणून. हे गवत मातीत असं काही सोडतं की शेजारचं बी उठत नाही, असं वर्गात ऐकलं होतं. मी दोन ताटल्यांत शेंगदाणे भिजवले. एकीत साधं पाणी, दुसरीत त्या गवताचा पाला कुजवलेलं. साध्या पाण्यातल्यांना मोड आले, दुसरे काळे पडले.

"मीठ न्हाई आबा, तुमी गाडल्यालं गवत हाय."

"तुजं मास्तर काय म्हंत्यात?"

खोटं बोलवेना. सर म्हणाले होते, ताटलीत घडतं तसंच रानात घडेल असं नाही. तिथं पाऊस असतो, माती असते, हजार भानगडी असतात.

"म्हंजी नक्की न्हाई!" आबांनी ताटली भिरकावली. माझं कपाळ फुटलं. चोराच्या उलट्या बोंबा त्या अशा.

चुलत्यांची बोटं पुन्हा कधी नीट मिटली नाहीत. पुढच्या पावसाळ्यात गाजरगवत बांध ओलांडून त्यांच्या रानात कमरेएवढं माजलं. आबा बघत राहिले आणि खुशीत म्हणाले, "बग, तुज्या त्या इषानं त्याचं रान कसं खाल्लं." आता त्यांना विष पटलं होतं!

माझं डोकं फिरलं. "इषाचं मला ठावं न्हाई. त्यांचा खुरप्याचा हात तुमी मोडलाय, म्हून माजलंय."

आबांनी हात उगारला. पलीकडे चुलते डाव्या हातानं गवत उपटत होते. उगारलेला हात दिसताच ते डोकं झाकून गवतात खाली बसले.