पंपात उरलेलं तणनाशक

मंडळी, आज डोकं फिरलंय माझं.

कुरकुंभला कंपनीत आठ तास केमिकलचा वास घेऊन घरी आले की मी चहा घेऊन मागच्या पायरीवर बसते. घरामागं आपोआप उगवलेली एकदांडीची फुलं, त्यावरची फुलपाखरं, गवताचं बी टिपणाऱ्या मुनिया. आराम म्हणजे माझा तेवढाच.

आज बसले, तर तिथंही तसलाच वास! सगळ्या गवतानं माना टाकलेल्या.

सासरे, आमचे आबा, खुशीत म्हणाले, "उसात तणनाशक मारलं, पंपात थोडं उरलं व्हतं. वाया कशाला घालवायचं? म्हणलं सूनबाईचं रान साफ करून द्यावं. आता बस निवांत, किडामुंगीबी यायची न्हाई."

मुनिया तारेवर बसून खाली बघत होत्या.

मायेनं केलेल्या कामावर भांडायचं कसं, सांगा?