गोठ्यामागचं अर्थिंग

आमच्या घरात करंट फक्त मलाच लागायचा. निदान घरच्यांचं म्हणणं तसं होतं.

मी कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका जुळवते. तुमसरचा एक छापखाना फोनवर मजकूर पाठवतो, मी तो मांडून, सजवून परत पाठवते. लग्न होऊन आंबागडजवळच्या या गावात आले तेव्हा हा कॉम्प्युटर वरठीहून, माहेराहून, सोबत आणला होता. बाबांनी तो मला कोर्स झाल्यावर घेऊन दिला होता. तिथे त्याला कुठेही हात लावा, काही होत नसे. इथे पहिल्याच आठवड्यात त्याच्या पत्र्याच्या पेटीला बोट लागलं आणि कोपरापर्यंत मुंग्या चढल्या.

कारण शोधायला फार डोकं लागत नव्हतं. माझ्या प्लगला तीन पिना, इथल्या बोर्डाला दोनच भोकं. नवऱ्याने पक्कड आणली, वरची जाड पिन मोडली आणि प्लग दाबून बसवला. ती जाड पिन म्हणजे पेटीत झिरपणाऱ्या करंटची जमिनीत जायची वाट. ती मोडल्यावर तो करंट पत्र्यावरच थांबतो आणि जो हात लावेल त्याच्या अंगातून जमिनीत जातो. तशी पिन ठेवूनही उपयोग नव्हता, कारण या घरातून जमिनीत जाणारी तारच नव्हती. घर बांधताना अर्थिंग करायचं राहून गेलं होतं आणि ते कुणाला कधी आठवलंही नव्हतं.

कॉम्प्युटर ठेवला होता मधल्या खोलीत. एका भिंतीत देवाचा कोनाडा, दुसऱ्या बाजूला धान साठवायची ढोली आणि खाली शेणाने सारवलेली, कायम थोडी ओलसर जमीन. त्या जमिनीवर अनवाणी मी. मी सांगितलं की करंट लागतो, तर नवरा धानाच्या बांधीतून आला तसा गुडघ्यापर्यंतच्या रबरी बुटांत खोलीत शिरला, पेटीवर पंजा ठेवला आणि काहीच लागत नाही म्हणाला. त्याला लागणार कसा? पण मागे उभ्या सासूबाईंना पुरावा मिळाला.

"आमाले काई होत नाई," त्या म्हणाल्या. "तुलेच कसा लागते व?"

मग मी त्या खोलीपुरत्या नव्या कोऱ्या रबरी चपला आणल्या. त्या बाहेर कधी नेल्या नाहीत. तरी दुसऱ्या दिवशी त्या अंगणात फेकलेल्या सापडल्या. देवासमोर चप्पल घालणारी सून सासूबाईंना चालणार नव्हती. नवऱ्याच्या चिखलाच्या बुटांच्या वेळी हाच देव कुठे गेला होता, ते मी विचारलं नाही, पण मनात ठेवलं. माझ्या मनात अशा गोष्टी फार दिवस टिकतात. पायाखाली लाकडी पाट घेऊन बसू लागले आणि चपला परत त्याच खोलीत, ढोलीआड ठेवल्या. घरात कुणी नसलं की घालायची.

अर्थिंगचं मी नवऱ्याच्या मागे लागले. अर्थिंगला लागतं काय? एक खोल खड्डा, लोखंडी पाइप, कोळसा, खडे मीठ आणि तार. कोळसा घरात, मीठ घरात, खणणारे धडधाकट हात घरात. "करू ना," तो म्हणायचा. नाही असं तो कधीच म्हणाला नाही, तीच खरी पंचाईत. रोवणी होऊ दे, मग निंदण होऊ दे, मग कापणी होऊ दे. धानाला काम कधी संपतं का?

दसऱ्याला आमच्याकडे घरातल्या सगळ्या अवजारांची पूजा होते. नांगर, विळे, फवारणीचा पंप, मोटारसायकल. त्या वर्षी सासूबाई म्हणाल्या की सुनेच्या मशीनचीही करायची, आणि खोटं का बोलावं, मला बरं वाटलं. या घरात माझ्या कामाला पहिल्यांदाच कुणी काम म्हटलं होतं. जमीन पहाटेच सारवलेली, अजून ओली. मी न्हाऊन, अनवाणी, ओल्या हाताने कुंकू कालवून बसले. पूजेला पायाखाली पाट कसा घेणार? मी कॉम्प्युटर बंद ठेवला होता. सासूबाईंनी हटकलं, बंद पडलेल्या मशीनची पूजा कुणी करतं का म्हणाल्या. मोटारसायकलसुद्धा चालू करूनच ओवाळली होती. मी बटण दाबलं.

ढोलीतल्या उंदरांनी मागची वायर कुरतडलेली होती आणि उघडी तार पत्र्याला टेकली होती, हे नंतर कळलं. मी अनामिकेने पेटीला कुंकू लावलं आणि कुणी तरी हातच उपटून काढावा तसं झालं. जाग आली तेव्हा मी ढोलीला टेकून पडलेली होते, ताट पालथं होतं आणि जमिनीवरच्या कुंकवाकडे बघून जाऊबाई रडत होत्या. त्यांना ते रक्त वाटलं होतं. बोटाच्या टोकाला पांढरा डाग पडला होता. तिथे अजूनही गरम-गार कळत नाही.

अर्थिंग असतं तर पेटीला हात लावायच्या आधीच फ्यूज उडाला असता. घरात मात्र वेगळंच ठरलं. सासूबाईंना ढोलीआडच्या चपला सापडल्या आणि देव कोपल्याचं कारणही सापडलं. नवऱ्याने कुरतडलेल्या वायरीला काळी टेप गुंडाळली आणि अर्थिंग कापणीनंतर करू म्हणाला. माझं बोट त्याने पाहिलं नाही. मी दाखवलंही नाही. मला वाटत होतं, तो विचारेल.

कापणी झाली, मळणी झाली, लग्नसराई आली. मी पाटावर पाय आखडून शेकडो घरांची शुभमंगलं जुळवत राहिले.

मग आषाढात म्हैस मेली. गोठ्यात बल्बची वायर लोखंडी खांबाला बांधलेली होती. झडीत ती भिजली, खांबात करंट उतरला आणि म्हैस खांबाला अंग घासायला गेली. दुभती, गरीब म्हैस होती, मलाही ओळखायची. तिच्यासाठी मीही रडले. नवरा चिखलात बसून तिच्या मानेवरून हात फिरवत होता, आणि त्याला रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो तुमसरला गेला. पाइप आणला, तार आणली, वायरमनला सोबत घेऊन आला. रोवणी तोंडावर होती, बांध्या पाण्याने भरलेल्या, तरी दोघं भाऊ भरपावसात गोठ्यामागे खणत होते. सासूबाईंनी न मागता मिठाची पिशवी आणून दिली. संध्याकाळच्या आत गोठ्याला आणि विहिरीच्या मोटारीला अर्थिंग झालं. कॉम्प्युटरच्या खोलीची खिडकी त्या खड्ड्याच्या अगदी वर आहे. मी तिथून म्हटलं की तारेचा एक फाटा आत घ्या.

"तार सरला," नवरा म्हणाला. "पाहू मंग."

तुमसरची वाट त्याला सकाळीच सापडली होती. त्याक्षणी मला जे वाटलं त्याला राग म्हणणं कमी पडेल. मला त्याची किळस आली. त्याच्याशी भांडायचीही इच्छा उरली नाही. दोन दिवसांनी मी स्वतः तुमसरला जाऊन तार आणि तीन भोकांचा बोर्ड आणला. वायरमन मोटारीच्या कामाला पुन्हा आला तेव्हा त्याच्याकडून तो खोलीत बसवून घेतला. प्लगही नवा, तीन पिनांचा. पेटीला हात लावला. काही नाही.

दिवाळीत बाबा मला न्यायला आले. आदल्या वर्षीच्या दसऱ्याचं त्यांना आता कुणाकडून तरी कळलं होतं. आल्या आल्या त्यांनी माझा हात हातात घेतला, बोट उलटसुलट करून पाहिलं आणि चहा तसाच ठेवून करंटचं विचारलं. नवरा लगेच उठला. त्याने बाबांना गोठ्यामागे नेऊन खड्डा दाखवला, मग खोलीत आणून बोर्ड दाखवला.

"तुमच्या पोरीसाठीच केलो, बाबा," तो म्हणाला. "जिवापेक्षा का मोठं आहे?"

सासूबाईंनी मान डोलावली. बाबांनी पेटीला हाताची मागची बाजू लावून पाहिली, पुन्हा लावली. आल्यापासून त्यांचा चेहरा उतरलेला होता, तो सैल झाला. त्यांनी नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवला आणि मला विचारलं, "जावयांनी लगेच केलं ना, बाई?"

गोठ्यात तेव्हा नवी म्हैस बांधलेली होती. बाबा रात्री झोपत नव्हते, हे आईने फोनवर सांगितलं होतं. सगळे माझ्याकडे बघत होते आणि नवरासुद्धा अगदी निश्चिंत बघत होता, कारण मी काय बोलणार ते त्याला माहीत होतं.

मी हो म्हटलं.