बोटाचा अदमास

शंभू मूळचा दोडामार्गापलीकडचा. तरुणपणी डिचोलीच्या खाणीवर माती भरायला आला. पाठ धरली तशी खाण सुटली आणि पाटबंधारे खात्याने त्याला वाळवंटी नदीवर पाण्याची पातळी दाखवणारी पट्टी वाचायला रोजंदारीवर ठेवलं. हे काम सोपं वाटणाऱ्याने ते एकदा करून बघावं. घाटाच्या बहात्तर पायऱ्या उतरायच्या, गुडघाभर पाण्यात उभं राहायचं, खांबावरच्या लोखंडी पट्टीचं शेवाळ नारळाच्या सोडणाने घासायचं, मग कमरेत वाकून डोळा पाण्याच्या रेषेवर आणायचा आणि आकडा वाचायचा. उभ्याने वाचलं की दोन-तीन सेंटीमीटर चुकतातच. सकाळी आठ, दुपारी एक, संध्याकाळी सहा. चढउतार धरून दिवसाला चारशे बत्तीस पायऱ्या.

पट्टीवर साठच्या आकड्याला लाल रेघ होती. उन्हाळ्यात पाणी रेघेखाली गेलं की त्याच दिवशी कचेरीत सांगायचं. मग वरच्या अंगाचे, वायंगणाच्या, म्हणजे उन्हाळी, भाताला पाणी देणारे पंप बंद होत आणि उरलेलं पाणी काठावरच्या पिण्याच्या विहिरीला पुरे. त्या विहिरीचे झरे नदीवरच जगत. अकरा वर्षं शंभूने एक खाडा केला नव्हता. मार्चात नदी दिवसाला बोटभर उतरते, म्हणजे दोन सेंटीमीटर, हे त्याला तोंडपाठ होतं.

गोवा राज्य झालं त्या वर्षीची गोष्ट. आदल्या पावसाने दगा दिला होता. शिगम्याला शंभूच्या घराकडे गावच्या ढोलाचा मान. ढोल वाजवणारा थोरला भाऊ वारला होता, तेव्हा मान याच्याकडे आला. त्याने रजा मागितली. कचेरीतले कृष्णनाथ ओव्हरसियर म्हणाले, "बदली माणूस नाही. पट्टी सोडून जाऊ नकोस."

तो गेला. घाटाच्या माथ्यावर सुमंगलाबाईचं घर होतं. बाई विधवा, पंचावन्नच्या आसपासची. शंभूची नोंदवही तिच्या ओसरीवर असे आणि सकाळचा चहाही तिथेच. तिला तो म्हणाला, "वयनी, चार दिवसांत नदी खंय पळतली?"

"नदी नाय पळत रे," ती म्हणाली. "मानूस पळता."

निघताना पट्टीवर शहाण्णव होते. पाचव्या दिवशी सांजेला तो परतला. ढोल बडवून हात भरून आले होते. खाली उतरण्याचं त्राण नाही म्हणून ओसरीवर बसूनच त्याने वही भरली: चौऱ्याण्णव, ब्याण्णव, नव्वद, अठ्ठ्याऐंशी. दिवसाला बोटभर. अक्षर नेहमीसारखं सुबक.

दुसऱ्या दिवशी सकाळी उतरला तर पट्टीवर सत्तावन्न. भाताच्या शेवटच्या पाण्यासाठी वरचे पंप त्या दिवसांत न थांबता चालले होते. खरा आकडा लिहावा, तर एका रात्रीत नदी फूटभर कशी उतरली, असं कोणीही विचारणार. तो बराच वेळ पाण्यात उभा राहिला. मग वर येऊन त्याने चौऱ्याऐंशी लिहिले.

पुढे रोज पाच-पाच उतरवत गेला. रोज बहात्तर पायऱ्या उतरायचा, शेवाळ घासायचा, डोळा पाण्याला लावून नीट वाचायचा आणि वर येऊन दुसरंच लिहायचा. चुकीचं लिहायलाही तेवढेच कष्ट पडत होते. सहाव्या दिवशी वहीत एकोणसाठ आले तेव्हा तो कचेरीत गेला. नदीत तेव्हा एकतीस होते.

वही चाळून कृष्णनाथ म्हणाले, "तुझी वही म्हणजे आरसो रे." शंभूने मान खाली घातली. साहेबांना तो विनय वाटला.

दुसऱ्या दिवशी पंप बंद झाले. विहिरीत तोवर चिखल उरला होता. बायका खाणीच्या उतारावरच्या झरीवर जाऊ लागल्या. मैलभर वाट, पायाखाली सुटी लाल खडी. तिसऱ्या दिवशी सुमंगलाबाई दोन भरल्या घागरींसकट घसरली. खुब्याचं हाड मोडलं. तिला पणजीला नेलं, ती दोन महिने तिकडेच राहिली.

ती परतली तो तीस मेचा दिवस. राज्य झालं म्हणून डिचोलीत फटाके वाजत होते. टॅक्सीतून तिचं गाठोडं शंभूनेच उतरवलं. काठी टेकत ती ओसरीवर बसली. तो उभाच राहिला.

"वयनी, तुका एक सांगायचां हा."

"सांग."

त्याने सगळं सांगितलं. शिगम्याचे आकडे, चौऱ्याऐंशी, ते सहा दिवस. काही कमी करून सांगितलं नाही.

"माका ठावक होतां," ती म्हणाली. "शिगम्यात मी रोज घाटार धुणां घेवन जाय. पट्टी कोणी घासूक नाय. पाणी खाली गेलां आणि शेवाळ वर तसांच सुकलां."

"मगे सायबाक कित्याक सांगूक नाय?"

"तुझी रोजंदारी गेली असती. म्हटलां, आपलो मानूस. येतलो, बघतलो, सांगतलो." तिने काठी भिंतीला टेकवली. "तू इलंस. बघलंस. आणि लिवलंस."

शंभू म्हणाला, "तुझां पाणी हयापुढे मी हाडीन."

"कितक्यो घागरी?"

"दोन."

"भरलेल्यो हाड. अदमासान नाका."

कचेरीत त्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही. आणखी आठ वर्षं पट्टी वाचली, वेळेवर वाचली, आणि निवृत्त झाला. त्या वर्षीची वही तिथल्या कपाटात आजही सुबकच असेल. पण त्या बोलण्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, आठची नोंद करून, तो दोन घागरी घेऊन झरीवर गेला. पाठ दुखत होती. खडीवर दोनदा तोल गेला, पाणी हिंदकळलं. घागरी त्याने ओसरीवर ठेवल्या.

सुमंगलाबाई काठीवर रेलून उठली. एका घागरीत तिने बोट सोडलं, काठापासून पाण्यापर्यंत.

"बोटभर कमी हा," ती म्हणाली.

शंभूने घागर उचलली आणि पुन्हा झरीच्या वाटेला लागला.