दारालगतची खुर्ची

समुपदेशकांच्या दवाखान्यात मी नंबरची वाट पाहत बसलो होतो. पन्नाशीचे एक गृहस्थ बायकोबरोबर आत आले. पंख्याखालच्या खुर्च्या रिकाम्या होत्या, पण त्यांची नजर भिंतीभिंतीने फिरत संडासाच्या दाराशी थांबली आणि ते तिथेच, दारालगतच्या खुर्चीत बसले. फिनेलच्या वासामुळे तिथे सहसा कोणी बसत नाही.

त्यांचं दुखणं मला कळलं. गेल्या वर्षापर्यंत ती खुर्ची माझी होती.

"सोनोग्राफी नॉर्मल, रक्त नॉर्मल," बायको हळूच म्हणाली. "मग इथे कशाला? तुम्हाला का वेड लागलंय?"

"पोटाच्याच डॉक्टरांनी पाठवलंय," ते म्हणाले.

मीही असाच चिडून आलो होतो. दुखतंय पोट आणि हे विचारतात भीतीबद्दल. पण दुखणं खोटं आहे असं इथे कोणी म्हणालं नाही. पोटावर हात ठेवून सावकाश श्वास घ्यायला शिकवलं आणि दर खेपेला दारापासून एक खुर्ची लांब बसायला सांगितलं. कळ येते, येऊ द्यायची. पुष्कळदा ती आपली आपण ओसरते. कितीतरी लग्नांतली नवरी मला आठवत नाही, संडास कुठल्या बाजूला होता ते मात्र आजही सांगेन.

माझं नाव पुकारलं. मी खिडकीजवळून उठलो आणि जाता जाता सवयीने त्या दाराकडे पाहिलं. गृहस्थांनी ते हेरलं आणि पाय जवळ घेऊन मला दाराकडे वाट करून दिली.